चार मासे, दोन गोगलगायी

माझ्याकडे घरातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद असते. सिलिंडर कधी लावला, पाण्याच्या फिल्टरची कांडी कधी बदलली, कुणाच्या लग्नात आपण काय दिलं आणि त्यांच्याकडून काय आलं. नोकरीही त्याच जातीची आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. रॅकवर जे आहे तेच कागदावर हवं, एवढं एकच तत्त्व मी पंचवीस वर्षं पाळलं. कागदावर नाही ते रॅकवर नसतंच, असं त्यातून कधी मानायला लागले ते मात्र कळलं नाही.

आम्ही नाशिक रोडला राहतो. घरात मी, माझा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. ते मनमाडला रेल्वेच्या केबिनमध्ये होते. सिग्नलच्या दांड्या ओढायच्या, गाडी कधी आली, कधी गेली ते रजिस्टरमध्ये मिनिटासकट लिहायचं, हे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं केलं. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. आता वय ऐंशीच्या पुढे आहे, पण पहाटे साडेचारला उठतात, स्वतःचा काळा चहा स्वतः करतात. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळच्या गाडीने एकटेच मनमाडला जायचे. केबिनमधला त्यांचा जुना सोबती तिथे होता. दोघं प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून गाड्या किती लेट आहेत ते बघायचे, एकेक चहा घ्यायचे आणि नाना दुपारी परत यायचे. एवढंच. पण त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालायचे.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीची हौस लागली. पाकिटातलं समुद्री मीठ बादलीत ढवळून तो गॅलरीत समुद्र तयार करायचा आणि मी वर्तमानपत्र पसरून फरशी वाचवायचे. ठाण्याच्या एका गृहस्थांनी त्यांची टाकी मोडली, तेव्हा त्यांच्याकडचे दगड तो घेऊन आला. जांभळट, भोकाभोकांचे, ओल्या कागदात गुंडाळलेले. "यांना जिवंत दगड म्हणतात," तो म्हणाला. मला वाटलं, शेवाळाबद्दल बोलतोय. मी हॉलमधल्या टाकीच्या बाजूला एक कागद चिकटवला. दिवे टायमरवर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. खाणं दोनदा. तापमान, उडालेलं पाणी. आणि खाली टाकीतला माल: दगड अकरा, मासे चार, गोगलगायी दोन.

पावसाळ्यात एके दिवशी मी डबे भरत असताना नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुमच्या टाकीत कोणीतरी राहतं."

"मासे राहतात, नाना."

"मासे तेव्हा झोपलेले असतात. हे दुसरं कोणीतरी हे. आज चार बावन्नला दगडातून हात बाहेर आला."

"हात?"

"बारीक. काळापांढरा, गाठीगाठींचा. त्यानं वाळू चाचपली आन् आत गेला. पाच मिनिटांनी दुसरा आला."

नवरा बुटाची लेस बांधत होता. तो म्हणाला, "नाना, पहाटेच्या चहात काय टाकता?"

"ड्युटीवर कधी घेतली नाही तुझ्या बापानं. आता चहात घेईल?"

आम्ही तिघंही हसलो. संध्याकाळी नवऱ्याने बॅटरी घेऊन दगडांची सगळी भोकं बघितली. दिवे चालू, टाकी लखलखीत. काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात नाना म्हणाले की आतून कोणीतरी टकटक करतं. मी म्हटलं, पंपाचा आवाज असेल. "पंप मला कळतो," ते म्हणाले. "हे वेगळं. कोणीतरी चिमटीनं काच वाजवल्यासारखं. पाच दहाला तीनदा, पाच एकवीसला एकदा." त्यानंतर गोमेसारखं काहीतरी लांब, गुलाबी दिसलं. मग परत तो हात.

आता आम्ही हसत नव्हतो. नानांचे थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं भिंतीवर मुंग्या चालताना बघायचे. मुंग्या नसायच्या. नवऱ्याने ते लहानपणी जवळून पाहिलं होतं आणि त्याला त्याची भीती होती. तो याबद्दल बोलायचाच नाही. मी बोलले नाही, पण नोंद सुरू केली. एक वही केली. तारीख, वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं. वेळ लिहायला अडचण नव्हती, नाना स्वतःच मिनिटासकट सांगत होते. ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. त्यांना वाटत होतं, घरात शेवटी कोणीतरी त्यांचं नीट ऐकून घेतंय. एकदा तर मी पाच चाळीस लिहिलं ते त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अडतीस. चाळीस नाही." मी खोडून अडतीस केलं.

पहाटे उठून त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसावं, हे मला सुचलं नाही. मी साडेसहाला उठते.

ती वही घेऊन आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर बाई शांत होत्या, घाई नव्हती त्यांना. त्यांनी सगळी वही वाचली. नानांना तारीख, वार, उलटे आकडे विचारले. नानांनी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "टाकीत खरंच असं काही असू शकतं का? पहाटे, अंधारात कोणी बघितलंय?"

हा प्रश्न मला आजही त्याच आवाजात ऐकू येतो. त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही हो मॅडम. माझ्याकडे मोजदाद आहे. चार मासे आणि दोन गोगलगायी."

नवरा खाली बघत होता. डॉक्टरांनी नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ती मोजते ते बरोबर असतं."

त्यांनी माझी बाजू घेतली. स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध. रजिस्टरमध्ये एक असेल आणि आपल्याला दुसरं दिसत असेल तर रजिस्टर बघायचं, हे त्यांच्या हाडात होतं. आणि मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

रात्रीची एक छोटी गोळी सुरू झाली. रोज सकाळी विचारा, नोंद ठेवा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. नोंद ठेवणं मला सांगावं लागत नाही. रोज चहाच्या वेळी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसायचे.

"नाना, आज काही दिसलं?"

"दिसलं ना. पाच चौदाला."

मी डॉक्टरांना कळवायचे. गोळी अर्धी वाढली. परत विचारलं, परत दिसलं. परत अर्धी वाढली. तिसऱ्या आठवड्यात नाना म्हणाले, "नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

मी वहीत लिहिलं, 'नाही. सुधारणा.' सुधारणा या शब्दाखाली मी रेघ मारली होती. पट्टी घेऊन.

सुधारणा अशी होती की ते आठ वाजेपर्यंत उठत नव्हते. उठले की भिंत धरून चालायचे. हात जड झाल्यासारखे झाले होते, म्हणून चहा मी करायला लागले आणि गॅसचा मेन नॉब रात्री बंद करून ठेवायला लागले. मनमाडला जाणं अर्थातच थांबवलं. एक तारखेला त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून पलंगावर ठेवला होता. मी म्हटलं, "नाना, या महिन्यात नको. चक्कर आली तर?" त्यांनी वाद घातला नाही. सदरा घडी मोडू न देता परत कपाटात ठेवला. पुढच्या महिन्यात त्यांनी तो काढलाच नाही. वहीत मी ते चांगलं लक्षण म्हणून लिहिलं.

दिवाळीनंतर त्यांच्या सोबत्याचा फोन आला. फोन मीच उचलला, कारण नाना झोपले होते. सकाळचे दहा वाजले होते.

"का गं पोरी, म्हातारा येईना का? रुसला की मेला?"

"तब्येत बरी नाही त्यांची."

"बरं. मी पोराकडं चाललो भुसावळला. आता कायमचंच. म्हटलं, जायच्या आधी एकदा भेटून जावं. रविवारची गाडी हे. मनमाडला आणता येईल का त्याला? नायतर मी येऊ का तिकडं?"

मी म्हटलं, "आता नको काका, त्यांना त्रास होतो. निरोप देते मी." निरोप मी दिला. नाना अर्धवट जागे होते, त्यांनी मान हलवली. कामांच्या यादीत त्यापुढे मी बरोबरची खूण केली. रविवारची गाडी गेली.

जानेवारीत नवरा कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेला आणि टाकी माझ्यावर आली. शनिवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, सकाळी नऊ ते दोन. थंडी कडाक्याची होती आणि टाकीतलं पाणी गरम ठेवणारा हीटर बंद पडणार होता. नवऱ्याने मला फोनवर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. वीज जाताच टाकीला चहूबाजूंनी जाड चादर गुंडाळायची. दर अर्ध्या तासाने तापमान बघायचं. एक तासाने बॅटरीवरचा हवेचा पंप लावायचा.

वीज गेली. मी सोलापुरी चादर टाकीला घट्ट गुंडाळली, वर रग टाकला. नाना आत झोपले होते. सगळे पंप बंद, फ्रिज बंद, घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासाने तापमान बघायला गेले. चादरीला हात लावला तोच आतून आवाज आला.

टक.

मी थांबले. थोड्या वेळाने परत, टक. चिमटीने काच वाजवल्यासारखं.

मी चादरीचा एक कोपरा उचलून मोबाईलची बॅटरी आत धरली. सगळ्यात मोठ्या दगडाच्या डाव्या भोकातून हात बाहेर आला होता. बारीक, काळापांढरा, गाठीगाठींचा. तो वाळू चाचपत होता. उजेड पडला तसा तो आखडला आणि सावकाश आत गेला. त्याच्या मागे दुसरा. खाली दगडाच्या कडेला बोटभर लांबीचं गुलाबी काहीतरी, दोन्ही बाजूंना केसांसारखे पाय, सरपटत भोकात शिरत होतं. मागच्या काचेवर तांदळाच्या कणीएवढे जीव पळत होते. शंभर असतील. मी मोजले नाहीत.

मी चादर परत खाली सोडली. एक तास झाल्यावर हवेचा पंप लावला. तापमान लिहिलं.

इतर सगळं मला सांगता येतं, पुढचं सांगायला जड जातं. मी त्या दिवशी नानांना काही बोलले नाही. दुपारी ते जेवायला बसले, हळूहळू घास घेत होते. त्यांना घास शोधावा लागत होता. मी समोर बसून पोळी वाढली. संध्याकाळी उद्याच्या कामांची यादी केली, त्यात लिहिलं, 'नानांना सांगणे.' दुसऱ्या दिवशी ते राहिलं म्हणून पुढच्या यादीत उतरवलं. असं चार वेळा उतरवलं. धोब्याचे कपडे, सोसायटीच्या मीटिंगचा निरोप, आणि नानांना सांगणे. त्या चारही रात्री मी त्यांना गोळी दिली. गोळी अचानक बंद करायची नसते, हे खरं आहे. पण मी त्यासाठी देत नव्हते. सांगितल्याशिवाय बंद कशी करू, म्हणून देत होते.

नवरा परत आला, त्याला आधी सांगितलं. त्याला पहिल्यांदा आनंदच झाला. अंधार करून त्याने फोटो काढला, हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत उत्तरं आली. हात म्हणजे एक प्रकारचा तारामासा, दगडात लपून राहतो, अंधारात बाहेर येतो. आवाज करणारी कोळंबी, नखी आपटून आवाज करते. दगडांबरोबर नेहमी येतात, निरुपद्रवी असतात, अभिनंदन. अंगठे, हसरे चेहरे. तो वाचून दाखवत होता आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. मोबाईल बाजूला ठेवून तो म्हणाला, "नाना हेच सांगत होते गं."

"हो."

"आपण पहाटे एकदाही बघितलं नाही."

"तू दिवे लावून बघितलंस. मी तेवढंही बघितलं नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांकडे मी एकटी गेले. मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला. "सांगितलंत ते बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि गोळी टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची ते लिहून दिलं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग नानांना सांगितलं. ते गॅलरीत उन्हाला मटार सोलत बसले होते. मी तीन वाक्यं ठरवून गेले होते. पहिलंच म्हटलं, "नाना, टाकीत खरंच आहे. मी बघितलं. हात आहे."

"असेल."

"तुम्ही सांगत होतात तोच."

"मी कुठं काय सांगत होतो."

"नाना, माझं चुकलं."

"अगं, चार मासे हेत आन् दोन गोगलगायी. तूच लिहिलंय ना कागदावर." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो पदरात घेतला असता. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो म्हटलं का गोळी वाढते. नाही म्हटलं का तू चहात साखर जास्त टाकते."

बाकीची दोन वाक्यं मी बोललेच नाही. त्यांच्याबरोबर मटार सोलत बसले. माझ्या लक्षात आलं होतं की माझ्या वहीतली ती रेघ मारलेली सुधारणा म्हणजे एका माणसाने खोटं बोलायला शिकणं होतं. आयुष्यात ज्याने रजिस्टरमध्ये एक मिनिट इकडचं तिकडं केलं नाही, त्याला मी ते शिकवलं होतं.

गोळी संपायला मार्च उजाडला. एका पहाटे स्वयंपाकघरात पातेल्याचा आवाज आला. गॅसचा नॉब मी काही दिवसांपासून उघडाच ठेवत होते. मी अंथरुणात पडून ऐकलं, उठले नाही. दुसऱ्या दिवशीही ऐकलं. चौथ्या दिवशी उठून हॉलमध्ये गेले. नाना वेताच्या खुर्चीत, हातात चहा, समोर काळी टाकी, तिच्यावर खिडकीतून येणारा रस्त्याच्या दिव्याचा अंधूक पट्टा. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. ते एकदम ताठ झाले.

"वही कुठंय?"

"कपाटात, नाना."

"पेन?"

"पेन पण."

तरी त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मी हात मांडीवर उघडे ठेवले. मग म्हणाले, "बस. दिवा लावू नको."

आम्ही बसलो. पंपाची घरघर चालू होती. बऱ्याच वेळाने त्या घरघरीच्या खालून एक आवाज आला.

"ऐकलं?"

"ऐकलं."

"किती वाजले?"

"घड्याळ नाही आणलं मी."

"पाच तेरा," ते म्हणाले. आणि चहाचा घोट घेतला.

मला धीर आला. मी म्हटलं, "नाना, भुसावळला जायचं का, तुमच्या मित्राकडे? मी सुट्टी काढते. सोबत येते."

त्यांनी चहाचा कप खाली फरशीवर ठेवला. मग टाकीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "एकटा गेलो तर चालेल का?"

भांडून विचारलं असतं तर ऐकून घेतलं असतं. ते परवानगी मागत होते. माझ्याकडे. मी "हो" म्हटलं, पण इतकं हळू की ते त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. परत म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"गप. आला."

डाव्या भोकातून हात बाहेर येत होता.